पेट स्कॅन, बोन स्कॅन, थॅलियम : जाण्याआधी पेशंटनी आणि घरच्यांनी काय तयारी करायची

डॉक्टरांनी चिठ्ठीवर पेट-सीटी, बोन स्कॅन किंवा थॅलियम असं काही लिहून दिलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, रेडिएशनने काही होणार तर नाही ना. प्रश्न रास्तच आहे आणि त्याबद्दल खाली नीट लिहिलंय, पण मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये, म्हणजे हे स्कॅन जिथे होतात त्या डिपार्टमेंटमध्ये, काम करते म्हणून सांगते, पेशंटचं नुकसान जास्त वेळा अर्धवट तयारीने होतं. सकाळी चहा-बिस्किट खाऊन आले, शुगर वाढलेली, केमोनंतर पेशी वाढवायचं इंजेक्शन दोन दिवसांपूर्वी घेतलेलं पण सांगितलंच नाही, मग एकतर स्कॅन पुढे ढकलावा लागतो नाहीतर असा रिपोर्ट येतो की त्यावरून डॉक्टरांना काही धड ठरवता येत नाही. हे स्कॅन स्वस्त नाहीत, आणि गावाहून गाडी करून आलेल्या माणसाला "आज होणार नाही" असं सांगताना खरंच जीव तुटतो.

हा स्कॅन बघतो काय

एक्सरे, सीटी, एमआरआय मुख्यतः रचना दाखवतात, गाठ केवढी आहे, हाड कुठे मोडलंय वगैरे. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये अवयव काम कसं करतोय ते दिसतं. सीटी म्हणजे घराचा नकाशा धरला तर आमचा स्कॅन म्हणजे त्या घरात आत्ता कुठल्या खोलीत दिवा चालू आहे ते. शिरेतून अगदी थोडं किरणोत्सारी औषध देतात, ते ज्या अवयवाकडे जायचं तिकडे जातं आणि तिथून निघणारे गॅमा किरण कॅमेरा टिपतो. गॅमा कॅमेरा स्वतः कसलेच किरण सोडत नाही, किरण तुमच्या शरीरातल्या औषधातून येतात. त्यामुळे "अर्धा तास मशीनखाली झोपवलं, म्हणजे किती रेडिएशन गेलं असेल" ही भीती काढून टाका, मशीनखाली जास्त वेळ झोपल्याने डोस वाढत नाही. पेट-सीटीत मात्र सीटीचा भाग असतो, त्याचे एक्सरे वेगळे.

आता काम दिसतं म्हणजे काय, तर तुम्ही काय खाल्लंय, जिने चढून धापा टाकत आलात का, कुठली गोळी चालू आहे, हे सगळं त्या चित्रात उतरतं. म्हणून तयारी हा स्कॅनचाच भाग धरा.

वेळ एवढी का सांभाळायची

यातली औषधं झपाट्याने विरून जातात. बोन स्कॅन, किडनी स्कॅन, बरेचसे थायरॉईड आणि हार्टचे स्कॅन यांना टेक्नेशियम-९९एम नावाचं किरणोत्सारी द्रव्य वापरतात, ते दर ६ तासांनी निम्मं होतं. पेट स्कॅनला देतात त्या एफडीजी नावाच्या औषधातलं फ्लोरिन-१८ तर ११० मिनिटांतच निम्मं. ते सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात बनतं, जिथे हॉस्पिटलचा स्वतःचा सायक्लोट्रॉन नाही तिथे डोस त्याच दिवशी बाहेरून गाडीने येतो, वाटेत किती विरेल याचा हिशोब करूनच तो पाठवलेला असतो. तुम्ही दोन तास उशिरा आलात तर तुमच्या नावाचा निम्म्याहून जास्त डोस हवेत गेला समजा. येणं जमणार नसेल, ताप आला असेल, तर आदल्या दिवशीच फोन करा, तो डोस दुसऱ्या पेशंटला देता येतो.

जाता जाता, न्यूक्लिअर मेडिसिनच्या बाबतीत आपली मुंबई देशात पहिल्यापासून पुढे आहे. परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून चालू आहे, ते भाभा अणुसंशोधन केंद्राचं, आणि देशातलं पहिलं पेट मशीन तिथेच २००२ मध्ये लागलं. थायरॉईडसाठी लागणारं आयोडीन-१३१ ट्रॉम्बेच्या ध्रुव रिअॅक्टरमध्ये तयार होतं आणि वाशीच्या ब्रिट या सरकारी संस्थेमधून हॉस्पिटलांना जातं. न्यूक्लिअर मेडिसिनचं कुठलंही सेंटर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीशिवाय चालवता येत नाही, सेंटर नवीन असेल आणि मनात शंका असेल तर परवान्याबद्दल सरळ विचारा, त्यात संकोच कसला.

अपॉइंटमेंट घेताना काय काय सांगायचं

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि लोक सगळ्यात घाईने उरकतात. फोनवर नुसतं "पेट स्कॅन करायचाय" एवढं पुरत नाही. प्रेग्नन्सी असेल किंवा पाळी चुकली असेल तर पहिलं ते सांगा, अगदी शंका असली तरी सांगा, आणि सुनेला किंवा मुलीला सासऱ्यांसमोर, वडिलांसमोर सांगायला अवघड वाटत असेल तर नर्सला बाजूला घेऊन सांगावं, आम्हाला त्याची सवय असते. अंगावर पिणारं बाळ असेल तर तेही सांगा. डायबेटिस आहे का, कुठल्या गोळ्या, इन्सुलिन कधी घेता. किडनीचा त्रास आहे का, कारण पेट-सीटीत कधीकधी सीटीचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र स्पष्ट यावं म्हणूनचं औषध, देतात आणि त्याआधी क्रिएटिनिन ही किडनीची रक्ततपासणी बघावी लागते. दम्याचा त्रास, हार्टच्या गोळ्या, हेही.

कॅन्सरचे पेशंट असाल तर तारखा लिहून आणा. ऑपरेशन कधी झालं, बायोप्सी कधी, शेवटची केमो कधी, रेडिएशन कधी संपलं. ऑपरेशनची जखम भरत असते तेव्हा तीही स्कॅनमध्ये उजळते, रेडिएशननंतर बरेच आठवडे तिथे सूज राहते म्हणून साधारण तीन महिने थांबायला सांगतात, केमोनंतर निदान १० दिवस आणि जमलं तर पुढच्या सायकलच्या अगदी तोंडावर स्कॅन करतात. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन घेतलं असेल तर सगळ्या हाडांमधला मगज चमकतो आणि वाचणाऱ्याची पंचाईत होते. गेल्या महिन्या-दीड महिन्यात कुठली लस घेतली असेल तर कुठल्या हातावर तेही सांगा, काखेतल्या गाठी त्यामुळे उजळू शकतात. आणि टीबी, हा आपल्याकडे फार मोठा मुद्दा आहे, त्याच्याबद्दल खाली येतेच.

जुने रिपोर्ट, सीडी, फिल्म सगळं घेऊन या, पिशवी फाटकी असली तरी चालेल पण आणा. मागचा स्कॅन शेजारी ठेवून बघितला की गाठ वाढली की कमी झाली हे कळतं, नाहीतर नुसतं "गाठ आहे" एवढंच लिहिता येतं.

पेट-सीटी : आदल्या दिवसापासून

एफडीजी म्हणजे ग्लुकोजसारखा पदार्थ, त्याला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं. बहुतेक कॅन्सरच्या पेशी साखर जास्त ओढतात म्हणून तिथे उजेड दिसतो. पण मेंदूही साखर ओढतो, काम केलेला स्नायूही ओढतो, आणि जेवल्यावर शरीरात इन्सुलिन वाढलं की सगळेच स्नायू ओढायला लागतात, मग गाठीच्या वाट्याला कमी येतं आणि ती फिकी दिसते. उपाशीपोटी यायला सांगतात त्यामागे हे कारण आहे, उगाच छळायचं म्हणून नाही.

आदल्या दिवशी व्यायाम, लांब चालणं, जड उचलणं, शेतातलं काम, कपड्यांचे पिळे, सगळं बंद. रात्रीच्या जेवणात भात, पोळी, बटाटा, गोड, फळं कमी करा, अंडी, पनीर, चिकन, मासे, पालेभाजी असं खा. स्कॅनआधी ४ ते ६ तास काहीही खायचं नाही, साधं पाणी मात्र भरपूर प्यायचं. चहा नाही, लिंबू सरबत नाही, नारळपाणी नाही, च्युइंगम आणि खोकल्याच्या गोड गोळ्याही नाही.

आणि हे मुद्दाम सांगते, एकादशीचा उपवास आणि स्कॅनचं उपाशी राहणं यांचा काही संबंध नाही. साबुदाणा खिचडी, वरई, राजगिऱ्याचा लाडू, खजूर, केळी हे सगळं साखर वाढवणारं आहे. "उपवासच होता हो, फक्त खिचडी खाल्ली" असं अगदी निर्मळ मनाने सांगणारी मंडळी भेटतात आणि मग शुगर तपासली की स्कॅन पुढे जातो. संकष्टीला किंवा नवरात्रात स्कॅन आला तर घरातल्या मोठ्यांना आधीच समजावून ठेवा.

तंबाखू, मिश्री, सुपारी सकाळी बंद. चघळल्याने जबड्याचे स्नायू उजळतात, आणि तोंडाच्या किंवा गळ्याच्या कॅन्सरसाठी स्कॅन असेल, आपल्याकडे तर असे पेशंट खूप, तर नेमकी तीच जागा नीट बघायची असते.

डायबेटिसवाल्यांनी स्वतःच्या मनाने काही करू नये. बहुतेक सेंटरना शुगर २०० च्या आत लागते. शुगर जास्त दिसली म्हणून घाईने इन्सुलिन टोचून येऊ नका, त्याने औषध स्नायूंत जातं, झटपट काम करणाऱ्या इन्सुलिननंतर निदान ४ तासांचं अंतर लागतं. मेटफॉर्मिनने आतडं उजळतं म्हणून काही सेंटर दोन दिवस आधी बंद करायला सांगतात, पण बंद करायची की नाही हे तुमच्या शुगरच्या डॉक्टरांना विचारूनच. आणि उपाशीपोटी शुगरची गोळी घेऊन चक्कर येऊन पडायची वेळ आणू नका. बीपी, थायरॉईड, फिटच्या गोळ्या सहसा पाण्याबरोबर घेता येतात, तरी विचारून घ्या.

कपडे सैल, धातू नसलेले. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, कमरेची साखळी शक्यतो घरीच काढून ठेवा, तिथे काढून पर्समध्ये ठेवलेलं हरवण्याची भीती वेगळीच. स्वेटर किंवा शाल आणा. थंडी वाजली की मानेजवळची एक प्रकारची चरबी उष्णता तयार करायला साखर जाळते आणि ती चित्रात गाठींसारखी चमकते, बारीक तरुण मुलींमध्ये हे जास्त दिसतं. एसी जास्त वाटला तर बिनधास्त पांघरूण मागा.

पोचल्यावर फॉर्म, वजन, बोटाला टोचून शुगर, मग हाताला सुई. ब्रेस्टचं ऑपरेशन झालेलं असेल तर दुसऱ्या हाताला लावून घ्या, स्टाफ विचारतोच पण तुम्हीही सांगा. औषध गेल्यावर काहीच जाणवत नाही, गरम नाही, मळमळ नाही, ॲलर्जी अगदी क्वचित. त्यानंतर साधारण ४५ मिनिटं ते तासभर शांत खोलीत पडून राहायचं. मोबाईल नको, बोलणं नको, पेपर नको. लोकांना वाटतं हा नुसता वेळ काढायचा प्रकार आहे पण याच तासात औषध कुठे बसायचं ते ठरतं, बोलत राहिलात तर स्वरयंत्राचे स्नायू उजळतात. नातेवाईकांना त्या खोलीत सोडत नाहीत, याचं वाईट वाटून घेऊ नका, तिथे इतर पेशंटही डोस घेतलेले असतात.

स्कॅनला जाण्याआधी लघवी करून या, पेशंटसाठी ठेवलेल्या टॉयलेटमध्येच. मग १५ ते ३० मिनिटं हलायचं नाही. बोगदा एमआरआयपेक्षा आखूड असतो आणि तसा धडधड आवाजही नसतो, पण बंद जागेची भीती वाटत असेल तर आधी सांगा. पाठ दुखत असेल तर पेनकिलर कधी घ्यायची ते विचारून ठेवा, कारण मध्येच हललात तर चित्र हलतं. एकूण तीन-चार तास धरून चला.

बोन स्कॅन

हा त्या मानाने सोपा. उपाशी राहायचं नाही, नाश्ता करून या. इंजेक्शननंतर दोन ते चार तास थांबायचं, त्या वेळात पाणी भरपूर प्यायचं आणि सारखं लघवीला जायचं, हाडात न बसलेलं औषध लघवीवाटे जातं तेवढं चित्र स्वच्छ येतं. लघवीचा थेंब कपड्यावर पडला तरी तो हाडावरच्या डागासारखा दिसू शकतो, म्हणून नीट पुसा, हात धुवा, कपड्यावर उडालं तर लाजू नका, सांगा. कधी पडलात, बरगडीला मार लागला, दाताची रूट कॅनाल चालू आहे, गुडघा बदललाय, हे सगळं सांगा. हाड जिथे जिथे दुरुस्ती करतंय तिथे ते उजळतं, कारण कॅन्सरच असलं पाहिजे असं अजिबात नाही.

थॅलियम, म्हणजे हार्टचा स्ट्रेस स्कॅन

आजकाल बऱ्याच ठिकाणी औषध टेक्नेशियमचंच असतं पण नाव थॅलियम पडलंय ते पडलंय. इथे चहा-कॉफी २४ तास बंद, कोला, चॉकलेट, डिकॅफ कॉफीसुद्धा. ज्यांना ट्रेडमिलवर पळता येत नाही त्यांना औषधाने हृदयावर ताण देतात आणि त्यातल्या काही औषधांचा परिणाम कॅफीनमुळे होतच नाही. चहाशिवाय डोकं दुखतं हे मान्य, पण एक दिवस काढा. दमा असेल तर हे औषध बदलावं लागतं, म्हणून आधी सांगायचं. बीपीच्या, नाडी कमी करणाऱ्या गोळ्या थांबवायच्या का हे फक्त हार्टचे डॉक्टर सांगतील, स्वतःहून बंद करणं धोक्याचं आहे. पायात बूट घालून या, चपलेवर ट्रेडमिल होत नाही. इंजेक्शननंतर कधीकधी दूध, लोणी असं स्निग्ध खायला सांगतात, ते पित्ताशयातलं औषध पुढे सरकावं म्हणून. स्ट्रेस आणि आरामातला असे दोन भाग असतात, कधी एकाच दिवशी कधी दोन दिवसांत, तसं आधी विचारून सुट्टी काढा.

थायरॉईड आणि किडनी

थायरॉईडच्या स्कॅनआधी शरीरात जास्तीचं आयोडीन गेलेलं नसावं. गेल्या दीड-दोन महिन्यांत कॉन्ट्रास्टचा सीटी किंवा अँजिओग्राफी झाली असेल तर सांगा, नाहीतर ग्रंथी काही उचलतच नाही आणि रिपोर्ट भलताच येतो. थायरॉईडच्या गोळ्या किती दिवस थांबवायच्या ते डॉक्टर ठरवतील.

थायरॉईड कॅन्सरसाठी आयोडीन-१३१ चा मोठा डोस द्यायचा असेल तर तो स्कॅन नसून उपचार आहे, त्याचे नियम कडक. आधी एक-दोन आठवडे आयोडीन कमी असलेला आहार, म्हणजे आयोडीनयुक्त मीठ नाही, समुद्राचे मासे नाही, सुकट-बोंबील नाही, दूध-अंडी कमी. कोकणातल्या, गोव्याच्या घरात हे जड जातं, पण करायलाच हवं. सैंधव वापरत असाल तर पाकीट वाचून घ्या, त्यातही कधीकधी आयोडीन घातलेलं असतं. डोस घेतल्यावर वेगळ्या खोलीत काही दिवस राहावं लागतं, घरी आल्यावरही काही दिवस वेगळं झोपायचं, बाईंनी निदान ६ महिने प्रेग्नन्सी टाळायची, आणि अंगावरचं दूध आधीच बंद करावं लागतं, त्या बाळाला परत पाजता येत नाही.

किडनी स्कॅनला पाणी पिऊन यायचं. लघवी जास्त व्हायचं इंजेक्शन देतात त्यामुळे घाई लागते, घाबरू नका. लहान मुलांचा डीएमएसए नावाचा किडनी स्कॅन असेल तर इंजेक्शननंतर दोन-तीन तासांनी स्कॅन असतो. सकाळी लवकर उठवून आणा, दुधाची बाटली, त्याचं आवडतं पांघरूण आणा, स्कॅनच्या वेळेला पोट भरून झोपलं की बहुतेक वेळा गुंगीचं औषध लागत नाही. सोबत आई थांबू शकते, पण ती प्रेग्नंट असेल तर बाबांनी किंवा आजीने थांबावं.

रेडिएशन किती, आणि घरी गेल्यावर काय

माती, हवा, अन्न, आकाश यांच्यातून प्रत्येकाला वर्षाला जगभरात सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट (हे रेडिएशनचं माप) रेडिएशन मिळतंच. बोन स्कॅनमध्ये साधारण ४ ते ५, थायरॉईड स्कॅनमध्ये त्याहून कमी, पेट-सीटीत सीटी कसा केला त्यावर १० ते २५ पर्यंत. म्हणजे शून्य नाही, पण ज्या आजारासाठी करतोय त्यापुढे धोका फार लहान आहे. याच कारणाने कसलाही त्रास नसताना "एकदा फुल बॉडी पेट करून घेऊ" हे मला पटत नाही, कारण असेल तरच करावा.

केस गळत नाहीत, अशक्तपणा येत नाही. स्कॅननंतर जेवा, पाणी प्या, कामाला जा. त्या दिवशी लहान बाळाला मांडीवर घेऊन बसणं आणि गरोदर बाईला चिकटून बसणं टाळा, दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, एका घरात राहायला काहीच हरकत नाही. म्हाताऱ्या माणसाला घरी आणून कोपऱ्यातल्या खोलीत ठेवतात आणि जवळ कोणी जात नाही, असं मनाला लागणारं काही करू नका हो, एक दिवस जरा अंतर ठेवून बोललं तरी पुरतं. लघवी बसून करा, दोनदा फ्लश करा, हात साबणाने धुवा. डायपर असेल तर बदलणाऱ्याने हातमोजे घालावेत. अंगावर पाजणाऱ्या आयांनी किती तास थांबायचं ते औषधावर अवलंबून आहे, सेंटरकडून तासाच्या हिशोबात लिहूनच घ्या, आणि इंजेक्शनआधी थोडं दूध काढून ठेवा म्हणजे तेवढा वेळ दुसरं कोणी पाजू शकेल.

रिपोर्ट हातात आल्यावर

रात्री मोबाईलवर पीडीएफ येतो आणि सगळं घर एसयूव्ही नावाच्या आकड्यावर अडकतं. तो आकडा म्हणजे त्या जागी औषध किती जमलं याचं माप. १२ आला म्हणजे संपलं आणि ३ आला म्हणजे काही नाही असं नसतं. वजन, शुगर, इंजेक्शननंतर किती वेळाने स्कॅन झाला, मशीन कुठलं, सगळ्याने तो बदलतो, त्यामुळे पुढचा स्कॅन जमलं तर त्याच सेंटरला करा.

आता टीबी. टीबीच्या गाठी पेट स्कॅनमध्ये कॅन्सरसारख्याच लख्ख उजळतात, इतर इन्फेक्शनही उजळतं. छातीतल्या गाठी दिसल्या म्हणून कॅन्सर पसरला असं स्वतःच ठरवून रडत बसू नका, गरज वाटली तर डॉक्टर तुकडा काढून तपासतात आणि खात्री त्यानेच होते. घरात कोणाला टीबी झाला होता का, तुम्ही कधी औषधं घेतलीत का, हे रिपोर्ट लिहिणाऱ्याला माहीत असेल तर तो तसा विचार करून लिहितो. उलटं पण आहे, काही सावकाश वाढणारे कॅन्सर एफडीजी फार ओढत नाहीत, त्यामुळे स्कॅन स्वच्छ आला तरी पुढची भेट चुकवायची नाही. प्रोस्टेटसारख्या काही आजारांना वेगळ्या औषधाचा पेट असतो, चिठ्ठीवर पीएसएमए लिहिलं असेल तर एफडीजी करून येऊ नका, बुकिंग करतानाच चिठ्ठीचा फोटो पाठवा.

परदेशी जायचं असेल, मुलाकडे अमेरिकेला वगैरे, तर आणखी एक. एअरपोर्टवरचे रेडिएशन पकडणारे डिटेक्टर फार संवेदनशील असतात. पेट स्कॅननंतर एका दिवसात विषय संपतो, टेक्नेशियमला दोन-तीन दिवस, पण खरं थॅलियम किंवा आयोडीन-१३१ घेतलं असेल तर काही आठवडे, कधी त्याहूनही जास्त काळ अलार्म वाजू शकतो. सेंटरकडून लेटरहेडवर इंग्रजीत पत्र घ्या, त्यात औषधाचं नाव, तारीख, डोस आणि चौकशीसाठी फोन नंबर हवा, आणि ते पासपोर्टजवळ हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत टाकू नका.